पदकाच्या कडेवरील अक्षरे



आपल्या पूर्वजांविषयी आपण जे सांगतो ते खरेच असते, असे आपण सर्वजण गृहीत धरतो. ते तपासून पाहण्याचा प्रसंग मात्र फार थोड्यांवर येतो. माझ्यावर तो आला, आणि तोही मी न मागता. म्हणून एक प्रश्न आपणांपुढे ठेवीत आहे. ज्या मृत माणसाची थोरवी घरात दोन पिढ्या गायिली गेली, त्याच्याविषयी उतारवयात निराळेच सत्य आपल्या हाती आले, तर त्या सत्याचे आपण काय करावे?

आमचे घराणे मूळचे तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील. वडील गन कॅरेज फॅक्टरीतील नोकरीनिमित्त जबलपूरला आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात भिंतीवर आजोबांचे छायाचित्र नव्हते, कारण ते कधी काढलेच गेले नाही. त्याऐवजी होते एक पदक. नाताळाच्या आदल्या आठवड्यात आई ते पेटीतून काढी, रांगोळीने घाशी, आणि नाताळच्या दिवशी वडील ते आम्हा भावंडांच्या हाती देत. पदकाच्या एका बाजूस पंचम जॉर्ज बादशहाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस हाती आखूड तलवार घेतलेला उघडा घोडेस्वार. घोड्याच्या टापांखाली गरुडाचे चिन्ह असलेली ढाल आणि जवळच एक कवटी. वडील सांगत, "तुमचे आजोबा पहिल्या महायुद्धात बगदादपर्यंत लढत गेले. हे सरकारने दिलेले रुप्याचे पदक." तो घोडेस्वार म्हणजे आजोबाच, अशी माझी कितीतरी वर्षे समजूत होती.

आजोबा १९६६ साली वारले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्यांच्या तोंडून युद्धाविषयी मी एकच वाक्य ऐकले आहे, पण ते अनेकदा ऐकले आहे: "मी बसऱ्याला होतो, तिथं ऊन फार." कधी लहर लागली तर खजुराचे नाव निघे. लढाई, बंदूक, शत्रू, यांतील एकही शब्द त्यांनी उच्चारल्याचे मला आठवत नाही. पण मुलांचे कान मोठे चमत्कारिक असतात. सांगणाऱ्याने जेथे रिकामी जागा ठेवली, तेथे ती तलवार उभी करतात.

आता प्रसंग असा आला की, आमच्या मूळ गावच्या मंडळीने आपल्या शतकपूर्तीनिमित्त उपासनामंदिरात एक शिला बसविण्याचे ठरविले. तीवर पहिल्या कुटुंबांची नावे आणि प्रत्येकाविषयी एकदोन ओळी. आमच्याकडे मजकुराची मागणी आली. नमुनाही सोबत होता: आजोबांचे नाव व त्यापुढे "महायुद्धातील शूर सैनिक". पदक त्या दिवशी मांडावे, या विचाराने मी ते उजळण्यासाठी सराफाकडे नेले. त्याने ते हातात तोलले, कडेशी किंचित घासले आणि शांतपणे म्हणाला, "हे चांदीचं नाही, ब्राँझ आहे." मग भिंग लावून त्याने कडेवरची बारीक इंग्रजी अक्षरे वाचावयास सुरुवात केली. प्रथम एक क्रमांक, मग "कुली" हा शब्द, मग एक नाव, आणि शेवटी मजुरांच्या एका तुकडीची खूण.

ते नावही आजोबांचे नव्हते. निदान आम्हाला ठाऊक असलेले नव्हते. पदक चुकून दुसऱ्याचेच घरात आले असावे, अशी एक आशा (होय, आशाच म्हणावयास हवी) मला वाटली. ती फार दिवस टिकली नाही. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत १९२२ सालच्या पानावर आजोबांची दोन्ही नावे शेजारीशेजारी लिहिलेली आहेत: पूर्वीचे आणि नवे. पूर्वीचे नाव पदकाच्या कडेवरचेच. ते गेले तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांना आपले घराणे शोधावयाचे आहे त्यांनी या जीर्ण नोंदवह्या आधी पाहाव्यात. सरकारच्या दप्तरात हरवलेला माणूस पुष्कळदा तेथे सापडतो, आणि बापाचे नाव, गाव, वय यांसह सापडतो.

त्यानंतर मी जे वाचले त्याचा थोडा भाग सांगणे आवश्यक आहे. ब्रिटिशांचे ते युद्धपदक लढणाऱ्यांना चांदीचे मिळाले. मजुरांच्या तुकड्यांना तेच पदक ब्राँझचे दिले गेले, आणि अशी ब्राँझची पदके एक लाखाच्या वर निघाली. हिंदुस्थानातून त्या युद्धात साडेपाच लाखांहून अधिक माणसे बिनलढाऊ म्हणून भरती झाली: हमाल, खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी, डोलीवाले, सफाई कामगार. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेलेल्या हिंदी माणसांत तर लढणाऱ्यांपेक्षा यांचीच संख्या अधिक भरली. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा हाती आले तेव्हा तेथे मोठी जहाजे लागतील असा नीट धक्काही नव्हता. माल नावांत उतरवून काठाला आणावा लागे. एप्रिल १९१६ मध्ये कुत येथील फौज १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर उपासमारीने शरण गेली. तिला सोडवण्यास निघालेल्या सैन्यापर्यंत माणसे आणि रसद वेळेवर पोचली नाही, याचे एक कारण बंदराची आणि वाहतुकीची ही दुर्दशाच होते. पुढच्या दोन वर्षांत धक्के बांधले गेले, लोहमार्ग टाकले गेले, आणि ११ मार्च १९१७ रोजी जनरल मॉड यांची फौज बगदादेत शिरली. हे धक्के बांधणारे आणि त्यांवर पोती वाहणारे हात कोणाचे होते, हे आता आपण ओळखले असेल. १९१७ च्या जुलैतील उष्म्याने तर तेथे माणसे पटापट पडली. "तिथं ऊन फार" हे आजोबांचे वाक्य मी साठ वर्षांनी प्रथम ऐकले, असे म्हटले तरी चालेल.

आणखी एक गोष्ट वाचनात आली, ती लपवून ठेवणे या लेखाला शोभणार नाही. १९१६ पासून हिंदुस्थानातील तुरुंगांतूनही कैद्यांना शिक्षेत सूट देऊन मेसोपोटेमियात मजुरीसाठी पाठविण्यात आले. हे वाचताच मनात पाल चुकचुकली. कडेवरची तुकडीची अक्षरे मी पुन्हापुन्हा भिंगाखाली धरली, आणि ती तुरुंगाच्या तुकडीची नाहीत अशी खात्री झाल्यावर सुटकेचा निःश्वास टाकला. मग त्या निःश्वासाचीच लाज वाटली. दुष्काळात धान्याचे पोते उचलून तुरुंगात गेलेला माणूस बसऱ्याच्या उन्हात तितकाच भाजला असेल. त्याचा नातू आज कोठेतरी असेलच.

वाचकहो, आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पवित्र शास्त्रात या बाबतीत दोन उदाहरणे आहेत, आणि ती परस्परांच्या तोंडावर उभी आहेत. नोहा मद्याच्या धुंदीत उघडा पडला तेव्हा हामाने ते पाहून बाहेर जाऊन सांगितले. शेम व याफेथ मात्र पाठमोरे चालत गेले आणि त्यांनी बापावर वस्त्र घातले. आपल्या घरांत ही गोष्ट मुलांना गप्प बसविण्यासाठीच अधिक वापरली जाते, अशी माझी जुनी तक्रार आहे. परंतु तिच्यातील कोवळीक नाकारता येत नाही. उलट मत्तयाने ख्रिस्ताची वंशावळ लिहिताना तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची पत्नी या चौघींना मुद्दाम ओळीत उभे केले. त्यांना वगळले असते तर कोणी विचारलेही नसते. तेथे पांघरूण नाही. ज्याची वंशावळ सांगावयाची त्याला तिच्यातील कोणाचीही लाज नव्हती.

मी पहिल्या उदाहरणाच्या आश्रयाला जाणार होतो. वडील चौऱ्याण्णव वर्षांचे. दृष्टी अधू, पण पदक उशापाशी. "शूर सैनिक" एवढे दोन शब्द दगडावर कोरले गेले तर कोणाचे काय बिघडणार होते? पण विचार करता करता एक गोष्ट ध्यानी आली. पांघरूण घातले की खालचे जे काही असेल ते लज्जास्पद ठरते. आजोबांनी काय केले होते? त्यांनी ओझी वाहिली. ते आम्ही तलवारीने झाकत होतो, म्हणजे त्यांनी जे खरोखर केले ते सांगण्याजोगे नाही, असा निवाडा आम्हीच देत होतो. त्यांनी स्वतः कधीच खोटे सांगितले नव्हते. ते "बसऱ्याला होतो" म्हणाले, "लढलो" म्हणाले नाहीत.

आणि त्यांना आमच्याआधी झाकणारे काय थोडे होते? महाराष्ट्रातील कितीतरी गावांत त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या आजही आहेत. या गावातून इतके गेले, पैकी इतके वारले, असे आकडेच तेवढे तीवर; नाव एकही नाही. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या. एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या चौकशी समितीने हे उघड मान्य केले, आणि आयोगाने क्षमा मागितली. निदान एक लाख सोळा हजार मृतांची, कदाचित त्याहून पुष्कळ अधिकांची, नावाने नोंदच झाली नाही, असे त्या अहवालात म्हटले आहे. साम्राज्याने त्यांना आकडा केले. आम्ही त्यांना घोडेस्वार केले. दोन्हींत तो माणूस नाहीसाच झाला.

तथापि, पदकावर लिहिले आहे तेच सत्य, असेही मी म्हणणार नाही. "कुली" हा शब्द कारकुनाचा आहे, आजोबांचा नव्हे. तो कोरला तर एका कचेरीची तुच्छता आम्ही आमच्याच मंदिरात नेऊन बसविणार. (ज्या देशाशी आपले काही वैर नव्हते त्या देशात साम्राज्याचा दारूगोळा वाहणे हे कितपत भूषणाचे, हाही प्रश्न आहेच. पण भुकेल्या माणसाला तो विचारण्याचा अधिकार पोट भरलेल्या मला आहे की नाही, याचा निर्णय मला करता आलेला नाही.)

अखेर मी एका संध्याकाळी वडिलांपाशी बसलो आणि कडेवरचा मजकूर वाचून दाखविला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, मला काय इंग्रजी येत नव्हतं?"

इतकी उघड गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. वडील मॅट्रिक झालेले. पदक त्यांच्या हाती लहानपणापासून. चौदाव्या वर्षीच त्यांनी ती अक्षरे वाचली होती आणि तेव्हापासून ती मनात ठेवली होती.

"मग आम्हाला का नाही सांगितलं, बाबा?"

"महारांना पलटणीत घेणं सरकारनं बंद केलं होतं. वडील गेले तेव्हा दुसरी कुठली वाट होती? पुढं त्याच वर्षी महारांची पलटण उभी केली, आणि चार वर्षांत मोडलीही. मी शाळेत होतो तेव्हा पोरं विचारायची, तुझा बाप काय करतो. तुम्हालाही कोणीतरी विचारलंच असतं." आणि थोड्या वेळाने: "ते परत आले तेव्हा मानमोडीनं घर रिकामं केलं होतं. आई नाही, बहीण नाही. ते पदक टपालानं मागून आलं. त्यांनी ते कधी हातात धरलेलं मी पाहिलं नाही."

१९१८ च्या त्या साथीत एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली. हे मला पुस्तकांवरून ठाऊक होते. त्यांत माझी पणजी होती, हे त्या संध्याकाळी कळले.

वडील खोटे बोलले काय? होय, बोलले, आणि सत्तर वर्षे बोलले. नवव्या आज्ञेपुढे मी त्यांचे समर्थन करू शकत नाही. परंतु त्यांनी पांघरूण घातले ते आजोबांच्या अंगावर नव्हे. आम्ही मुले उघड्यावर होतो, ते आमच्यावर घातले होते. शेम आणि याफेथ यांच्या गोष्टीत लेकरांना थंडी वाजत असल्याचा उल्लेख नाही. म्हणून ती गोष्ट आमच्या घराला पुरी पडत नाही, असे मला वाटते. हा युक्तिवाद आपणांस पटला नाही तर मला आश्चर्य वाटणार नाही. मलाही तो सर्व दिवस सारखा पटत नाही.

मजकूर आम्ही दोघांनी मिळून केला. "सैनिक" हा शब्द वडिलांनीच काढावयास सांगितला. "कुली" घालू नये, यावर आमचे एकमत होते. दोन्ही नावे असावीत की एकच, यावर वाद झाला. पूर्वीचे नाव ठेवले ते त्यांच्या आईने, आणि ती मानमोडीत गेली, म्हणून तेही राहू द्यावे, असे वडील म्हणाले. मग दोन नावे, गावाचे नाव, आणि पुढे एवढेच: "१९१७ ते १९१९ बसऱ्याच्या धक्क्यावर जहाजे उतरविली. परत आले."

पाथरवट अक्षरामागे पैसे घेतो. हा मजकूर नमुन्यापेक्षा लांब झाला असून वाढीव खर्च कुटुंबाला सोसावा लागेल, असे गावाहून कळविण्यात आले. मी पैसे पाठविणार होतो. वडिलांनी मला थांबविले, पेन्शनचे पुस्तक उशाखालून काढावयास लावले, आणि अक्षरे किती होतात ती पुन्हा एकदा मोजून घ्यावयास सांगितली.