नजराणा आणि परवाना

लाच आणि देणगी यांतील भेद सांगणे सोपे आहे असे सर्वसाधारणपणे समजले जाते. लाच गुपचूप दिली जाते व ती एकाच्या खिशात जाते. देणगी उघड दिली जाते व तिचा उपभोग सर्वांस घडतो. परंतु सार्वजनिक संस्थेकडे परवानगी मागावयास आलेला मनुष्य त्याच वेळी, उघडपणे आणि कागदावर सही करून, त्या संस्थेस लोकोपयोगी देणगी देऊ करतो तेव्हा तिला काय म्हणावे? इंग्लंडातील नगररचनेचा कायदा या प्रश्नाशी गेली साठ वर्षे झगडत आला आहे, आणि त्यातले मोठे झगडे सुपरमार्केटांच्या निमित्ताने झाले आहेत. आमच्या वाचकांपैकी अनेकजण देवस्थानांच्या, शाळांच्या, नगरपालिकांच्या समित्यांवर बसणारे आहेत. प्रश्न त्यांच्या ओळखीचा निघेल असे वाटल्यावरून तो येथे मांडीत आहोत.

१९४७ च्या कायद्याने तेथील जमीनमालकाचा एक हक्क सरकारजमा झाला. स्थानिक सभेच्या परवानगीवाचून शेताचे दुकान करता येईनासे झाले. शेताची किंमत आणि दुकानाखालच्या जमिनीची किंमत यांत जे जमीनअस्मानाचे अंतर असते ते मालकाच्या श्रमाने निर्माण होत नाही. ते शेजारच्या वस्तीने, रस्त्याने आणि त्या परवानगीच्या कागदाने निर्माण होते. म्हणून ही सारी वाढ कराच्या रूपाने सरकारात घ्यावी अशी मूळ योजना होती. १९५३ साली तो कर रद्द झाला. परवानगी मात्र राहिली. पुढे १९६७ आणि १९७६ साली तसे कर पुन्हा बसवून पाहिले, तेही टिकले नाहीत. म्हणजे एका सहीने लाखो पौंड उत्पन्न करण्याची शक्ती सभेच्या हाती, आणि त्या लाखांतला वाटा हक्काने मागण्याची तिला सोय नाही! अशा स्थितीत दोन्ही पक्षांच्या मनात काय येईल हे सांगावयास ज्योतिषी नको.

शोरहॅम-बाय-सी येथील सभेने एका कंपनीस परवानगी देताना अट घातली की, कंपनीने स्वखर्चाने आपल्या जागेत रस्ता बांधावा आणि शेजारच्या जागांत जाणाऱ्या-येणाऱ्यांस तो खुला ठेवावा. १९६४ साली अपील न्यायालयाने ही अट बेकायदा ठरविली. मोबदला न देता सार्वजनिक रस्ता पदरात पाडून घेण्याचा हा मार्ग नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे. ते रास्तच होते. परंतु त्यातून एक चमत्कारिक नीती उदयास आली. सभेस जे मागता येत नाही ते व्यापाऱ्याने आपण होऊन देऊ केले तर घेता येते, कारण स्वखुशीच्या कराराच्या आड कायदा येत नाही. संस्थानी अमलात नजराणा भरून वतन नव्या वारसाच्या नावे करून घेण्याची रीत ग्वाल्हेर-बडोद्याच्या वाचकांस घरच्या जुन्या कागदांवरून ठाऊक असेल. तेथे मागणाऱ्यास निदान मागण्याचा संकोच नसे.

या स्वखुशीला केवढा बहर येऊ शकतो ते प्लिमथ शहरात दिसले. सेन्सबरी आणि टेस्को या दोन बलाढ्य कंपन्यांस तेथे सुपरमार्केट उभारावयाचे होते. सेन्सबरीने प्रवाशांसाठी माहिती केंद्र, नदीकाठी पक्षिनिरीक्षणाची कुटी आणि एक स्थिर शिल्प देऊ केले. शिवाय गावाबाहेर मोटारी ठेवून बसने आत जाण्याच्या सोयीसाठी ८ लाख पौंड, आणि दुसऱ्याच एका जागेच्या सुधारणेसाठी १० लाखांपर्यंत. टेस्कोने मोटारतळात पाण्याचे हलते शिल्प, पाळणाघरास मदत व वन्यजीवांसाठी आसरा पुढे केला. (स्थिर शिल्पास हलत्या शिल्पाचे उत्तर! पैजेची ईर्षा याहून स्पष्ट कशी दिसावी?) सभेने दोघांसही परवानगी दिली. त्यांच्या स्पर्धेत असलेली तेथील सहकारी संस्था न्यायालयात गेली आणि १९९३ साली हरली.

यात हसण्याजोगे पुष्कळ आहे. पण ऑक्सफर्डशायरमधील विटनी गावाची कथा हसण्यावारी नेता येत नाही. गावातून विंडरश नदी वाहते आणि ती ओलांडावयास एकच पूल. त्यावरील रहदारीच्या कोंडीने लोक गांजलेले. दुसऱ्या पुलाचा रस्ता कागदावर आखलेला होता, परंतु सरकारी तिजोरीतून त्यास पैसा मिळण्याची आशा नव्हती. टेस्कोने सांगितले, आमच्या दुकानास परवानगी द्या, रस्त्याचा सगळा खर्च, ६६ लाख पौंड, आम्ही देतो. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने टेस्कोच्या बाजूने शिफारस केली. लंडनच्या मंत्र्याने ती मानली नाही. दुकानामुळे रहदारीत पडणारी भर थोडी आणि रस्ता फार मोठा. दोहोंचा संबंध क्षीण, असे म्हणून त्याने परवानगी सेन्सबरीसाठी योजलेल्या दुसऱ्या जागेस दिली. त्या काळी सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९९५ साली निकाल दिला: देणगीचा बांधकामाशी नाममात्राहून अधिक संबंध असेल तर तिचा विचार केलाच पाहिजे, परंतु तिला किती वजन द्यावे हे निर्णय करणाऱ्याने ठरवावे, न्यायालय त्यात पडणार नाही.

कायदा म्हणून हे ठीक असेल. परंतु नीतीच्या दृष्टीने पाहता येथे तराजू गरजवंताच्याच हाती दिला आहे. मंत्र्यास त्या पुलावर रोज खोळंबावयाचे नव्हते. निःस्पृहता त्यास स्वस्तात साधली. गावच्या सभासदाने तो रस्ता नाकारला असता तर त्यास शेजाऱ्यापाजाऱ्यांस उत्तर द्यावे लागले असते. म्हणून देणगीकडे डोळा ठेवणाऱ्या सभासदास आम्ही लाचखाऊ म्हणणार नाही. लाभातला अंश गावास परत यावा ही अपेक्षाही न्याय्यच आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. कर असता तर त्याचे काय करावे हे गावाने ठरविले असते. देणगीत ते देणारा ठरवितो. सभामंडपास संगमरवर द्यावयास दाते पुढे येतात, आणि पाकशाळेचे छप्पर मात्र गळतच राहते, हा अनुभव कोणत्या समितीस नाही? प्लिमथकरांस पक्षी पाहण्याची कुटी हवी होती की नव्हती, हे आधी कोणी विचारल्याचे दिसत नाही.

पुढे कायदा कडक होत गेला. २०१० साली नियम झाला की देणगी आवश्यक असावी, बांधकामाशी थेट संबंधित असावी आणि प्रमाणात असावी, तरच ती परवानगीचे कारण होऊ शकते. त्याच वर्षी वुल्व्हरहॅम्प्टनचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तेथील एका भूखंडापैकी ८६ टक्के सेन्सबरीच्या ताब्यात, उरलेल्यातला बहुतेक टेस्कोच्या. टेस्कोने सुमारे ८५० मीटरवरील जुन्या रुग्णालयाची तोट्यात जाणारी जागा सुधारण्याचे वचन दिले, म्हणून सभा सेन्सबरीची जमीन सक्तीने घेऊन टेस्कोस द्यावयास निघाली होती. चार न्यायाधीशांनी हे अवैध ठरविले, तिघांनी नाही.

एक गोष्ट मात्र या सुधारणांनी हललेली नाही. सभेने परवानगी नाकारली तर कंपनीस मंत्र्याकडे अपील आहे, आणि तेथे आपली बाजू लढविण्याचा खर्च सभेस पडतो. परवानगी दिली तर पेठेतल्या लहान दुकानदारास अपील नाही. त्याने न्यायालयात जावे, आणि तेथे निर्णय शहाणपणाचा होता की नाही हे पाहिले जात नाही, कायद्यास धरून होता की नाही एवढेच पाहिले जाते. प्लिमथची सहकारी संस्था याच दाराने आत गेली होती.