कडी कोणी लावायची होती?



आजचं चिंतन गीतेच्या पाचव्या अध्यायातल्या अठराव्या श्लोकावर. विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने सगळ्यात खाली ढकललेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी समान दृष्टीने बघतो, असं भगवंत सांगतात. हा श्लोक मला पाठ आहे. कीर्तनात ऐकलाय, स्टेटसला ठेवलाय. पण मागच्या पौषात त्याने माझी जी परीक्षा घेतली, त्यात मी सपशेल नापास झालो. तेच आज सांगतो.

आमचं घर नाशिकला, मखमलाबादच्या बाजूला. मागे थोडं परसदार आहे. तिथे सहा गावरान कोंबड्या आणि आमचा शेरू. आजी माळकरी, अंड्याला हात लावत नाही, पण सकाळी कोंबड्यांना दाणे टाकल्याशिवाय चहा घेत नाही. त्यातली काळी कोंबडी खुडूक बसली होती. एकवीस दिवस ती अंड्यांवरून जेमतेम दाण्यापाण्यापुरती उठायची. माझी लेक रोज भिंतीवर रेघ मारायची. एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली, तेव्हा घरात बारसं असल्यासारखा आनंद!

निवृत्तीनाथांच्या यात्रेचे दिवस होते. दिंड्या त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला लागल्या होत्या. त्या रविवारी सकाळी मी खुराडं उघडून पाणी ठेवलं, तेवढ्यात फोन वाजला. बोलत बोलत घरात आलो. कडी लावायची राहिली.

पिल्लं बाहेर पळाली, त्यांच्यामागे काळी. शेरू धावला. पिल्लं वाचवायला ती पंख फुलवून त्याच्या अंगावर गेली. मी पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. शेरूने तिला माझ्या पायाशी आणून ठेवलं आणि शेपटी हलवत माझ्याकडे बघत उभा राहिला. मी चप्पल काढली आणि त्याला मारलं. दोनदा नाही, बऱ्याचदा.

लेकीने रडत विचारलं, "बाबा, शेरू वाईट आहे का?"

मी म्हणालो, "हो."

संध्याकाळी पोथी उघडली, तर क्रमाने हाच श्लोक समोर. वाचवेना.

नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. मनात आलं, त्या कुत्र्याने भाकरी नेली होती हो, सात पिल्लांची आई नव्हे! मग समदृष्टी म्हणजे काय? जे झालं त्याला "चालायचंच" म्हणायचं?

मग श्लोकातल्या एका शब्दापाशी अडलो. शेवटी जो माणूस येतो, त्याच्यासाठी मूळ शब्द आहे 'श्वपाक'. शब्दशः अर्थ, कुत्रा शिजवून खाणारा. म्हणजे एकाच ओळीत कुत्राही आहे आणि कुत्र्याला खाणाराही! भगवंतांनी सोपी जोडी निवडलेलीच नाही. ज्यांचं एकमेकांशी जमणं शक्य नाही, त्यांनाच शेजारी बसवलंय. तिथे कोंबडीचं नाव नाही, पण शेरू आणि काळी त्याच ओळीत बसतात.

आता शेरूचा दोष किती? कुत्रा लांडग्याच्या वंशातला. पळणारी, फडफडणारी वस्तू दिसली की तो धावतो. कोंबडी रानकोंबड्याच्या वंशातली, घाबरली की पळणार आणि फडफडणारच. या दोघांना एका अंगणात कोणी आणलं? माणसाने. ते काही आपण होऊन आमच्या घरी राहायला आले नव्हते.

कोणी म्हणेल, सगळा स्वभावाचाच खेळ, मग तुझा विसरभोळेपणाही स्वभावच की! तिसऱ्या अध्यायात भगवंत म्हणतात खरं, की ज्ञानी माणूसही आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो. पण लगेच पुढच्या श्लोकात सांगतात, राग-द्वेषांच्या ताब्यात जाऊ नकोस. हे अर्जुनाला सांगितलंय, त्याच्या रथाच्या घोड्यांना नाही. ज्याला कळतं त्याच्यावर जबाबदारी येते. कडीचं मला कळत होतं, शेरूला नाही.

पसायदानात ज्ञानोबा दुष्टांचा नाश मागत नाहीत, त्यांच्यातला वाकडेपणा जावा असं मागतात. मी शोधलं, त्या सकाळी वाकडेपणा कुणात होता? शेरूत नव्हता, त्याने तर शिकार लपवलीही नाही. लपवलं मी. कडीचं घरात कोणाला बोललोच नाही. आणि चप्पल हातात होती तेव्हा मी रागावलो होतो स्वतःवर, मारत होतो त्याला.

अजून एक गोष्ट बोचते. शेरूच्या खाद्याचं पाकीट मी दर महिन्याला आणतो. त्यावर कोंबडीचंच चित्र असतं. ती कोंबडी मला दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी मी कधी रडलो नाही. याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. पण प्रश्न खोटा नाही.

रात्री आजीला सगळं सांगितलं. ती वाती वळत होती. म्हणाली, "दोघांत देव आहे म्हणूनच कडी लावायची असते रे बाळा. नुसतं हात जोडून काय होतंय?"

मला समदृष्टीचा अर्थ तिथे कळला. सगळ्यांना सारखं वागवणं म्हणजे समदृष्टी नव्हे. ज्याला जे हवं ते तितक्याच मायेने देणं, ती समदृष्टी. कोंबडीला कुंपण हवं, कुत्र्याला शिकवण हवी.

दुसऱ्या दिवशी लेकीला जवळ घेऊन सांगितलं, "शेरू वाईट नाही. कडी बाबाने लावली नव्हती." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग तू त्याला सॉरी म्हण."

म्हणालो. आता खुराड्याला दोन कड्या आहेत. पातळ जाळी काढून जाड वेल्डची जाळी बसवलीय, खाली उकरता येऊ नये म्हणून फूटभर जमिनीत पुरलेली. रोज संध्याकाळी शेरूला साखळीला धरून खुराड्याभोवती फिरवतो. कोंबड्यांकडून नजर काढून माझ्याकडे बघितलं की बिस्कीट. तरी त्यांच्यात त्याला एकटं सोडत नाही, सोडणारही नाही. सातातली पाच पिल्लं जगली, आजीने डालग्याखाली गोणपाट घालून सांभाळली. शेरू मात्र अजूनही मी चप्पल उचलली की मागे सरकतो. ते माझं प्रायश्चित्त.

आजचा संकल्प छोटासा: आज कोणावर राग आला, तर आधी बघूया, कडी कोणी लावायची होती?

राम कृष्ण हरी!