चीज छापली म्हणून गाणे संपते काय?

पूर्वी प्रबंध पुरा झाला की विद्यापीठाच्या कपाटात जाऊन बसे. रक्त आटवून लिहिलेले ते जाडजूड बाड मार्गदर्शक वाचीत, परीक्षक वाचीत आणि त्यानंतर बहुधा कसरच वाचीत असे. आता तसे राहिलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली नियम केला आणि पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या संग्रहात जाऊ लागले. कोणीही घरबसल्या ते उघडावेत आणि वाचावेत. नाव मोठे समर्पक आहे. गंगेवर कोणी कोणाची ओंजळ मोजीत नाही.

पण वाचकहो, तुमच्या घरी एखादा मुलगा किंवा सून पीएच.डी. करीत असेल, तर त्यांच्या पोटात उठणारा गोळाही तुम्हांला ठाऊक असेल. या प्रबंधातूनच लेख काढून संशोधनपत्रिकांत छापायचे असतात. नोकरीची वाट त्या लेखांवरून जाते. 'जे जगजाहीर झाले, ते आम्ही का छापावे?' असे संपादक म्हणाले तर? ही भीती अगदीच वेडी नाही. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'चे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी १९६९ साली दंडकच घातला होता, की अन्यत्र प्रसिद्ध झालेले आमच्याकडे नको. २०१३ साली अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशननेही, विद्यार्थ्याला प्रबंध सहा वर्षांपर्यंत झाकून ठेवू द्यावा, असे सुचवले.

मला येथे भातखंड्यांची आठवण होते. एके काळी गवई आपली चीज जिवापाड जपत. विष्णु नारायण भातखंडे यांनी खटपटी करून अशा चिजा मिळवल्या आणि स्वरलिपीसह 'क्रमिक पुस्तकमालिके'त छापून टाकल्या. म्हणून मैफली ओस पडल्या काय? नाही, कारण कागदावरची चीज म्हणजे गाणे नव्हे. तीच चीज घेऊन गवई राग उभा करतो, तेव्हा गाणे होते. प्रबंध आणि लेख यांचे नाते असेच आहे. प्रबंधात सगळा खटाटोप दाखवावा लागतो; लेखात त्यातले एकच म्हणणे निवडून, घासूनपुसून मांडायचे असते. बहुतेक संपादक हे जाणतात. सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या यांपुरत्या, २०१३ सालीच प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत शेकडा ८२ हून अधिक संपादकांनी, खुल्या प्रबंधावरून सुधारून केलेल्या लेखाचे स्वागत करू किंवा ज्याच्या त्याच्या गुणावर विचार करू, असे सांगितले. विद्यापीठांच्या ग्रंथप्रकाशन संस्थांत मात्र हे प्रमाण शेकडा ५४ च्या आसपास होते. म्हणजे धोका लेखाला थोडा, पुस्तकाला अधिक.

चोरीचे भय म्हणाल, तर कपाटातल्या प्रबंधातून कोणी काय उचलले हे कोणाला कळणार? उघड्यावरच्या प्रबंधाला तारीख असते आणि साक्षीला सारे जग.

तरी माझ्या उपमेत एक उणीव आहेच. नामांकित गवयाची मैफल आधीच जमलेली असते; या तरुणाला अजून कोणी बैठकीला बोलावलेलेही नाही. ज्याच्या हाती अजून काही पडलेले नाही त्याला 'उदार हो' म्हणून सांगणे, सांगणारा पगारदार असला की, फार सोपे जाते. म्हणून पुस्तक लिहू पाहणाऱ्याने दोन-तीन वर्षांची मुदत मागितली, तर ती खुशाल द्यावी.

पण मुदत म्हणजे मालकी नव्हे. प्रबंधामागे पुष्कळदा लोकांच्या पैशातली शिष्यवृत्ती असते. हातातले काम टाकून प्रश्नावलीला उत्तरे देणारी एखादी शेतकरीण असते. ज्यांचे ग्रंथ आयते वाचायला मिळाले, ते पूर्वसूरी असतात. ऋषिऋण अध्ययनाने आणि अध्यापनाने फेडावे, असे आपल्याकडे मानीत आले आहेत. ते फेडायला थोडी सवड मागण्यात गैर काही नाही. ते मुळी नाकारणे मात्र विद्येला शोभत नाही.