पैसा, मूठ आणि टक्का

प्रेमचंद रायचंदांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला त्यांच्या आईचं, राजाबाईंचं नाव लागलं. पुढे १९२०मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख देऊ केले. तिथंही नाव आईचंच, नाथीबाईंचं. दातृत्व रकमेत मोजायचं, असा तेव्हाचा रिवाज होता. तो अजून गेलेला नाही. देवळाच्या पायरीवरही नावांची उतरंड रकमेप्रमाणेच लागते.

या रिवाजाला छेद दिला तो पैसा फंडानं. अंताजी दामोदर काळे यांचं म्हणणं एवढंच की प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यावा. तेव्हाच्या रुपयात चौसष्ट पैसे. म्हणजे एक रुपया जमवायचा तर चौसष्ट माणसं गाठायची. व्यवहारी माणसाला हा उद्योग वेडगळच वाटला असणार, पण त्यातूनच १९०८मध्ये तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. इथं रकमेपेक्षा देणाऱ्यांची संख्या महत्त्वाची ठरली.

भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड याहून पुढचा. १९१९मध्ये काले गावी सुरू झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी घराघरांतून मूठभर धान्य बाजूला पडायचं. पैसा निदान गाठीशी असलेल्यातला असतो. मूठ निघते ती शिजायच्या धान्यातून, आणि घरात खाणारी तोंडं तेवढीच राहतात. रयतेच्या पोरांचं शिक्षण रयतेच्याच हातून व्हावं, हा त्यामागचा हट्ट. माझ्या मते त्यातली खरी मेख वेगळी आहे: मूठ देणारीला आपल्या शाळेत जाऊन मास्तरला जाब विचारता येतो. लाख देणाऱ्यालाच तो हक्क असतो, ही समजूत तिथं मोडली.

रक्कम आणि माणसं मोजून झाल्यावर अभ्यासकांनी मिळकतीतला वाटा मोजायला घेतला. अमेरिकेतल्या काही पाहण्यांत कमी मिळकतीची, दान देणारी घरं मधल्या थरापेक्षा मोठा हिस्सा देताना दिसली. मात्र काहीच न देणारी घरंही हिशेबात धरली की हा फरक बराच पुसट होतो. तेव्हा 'गरीबच खरा उदार' असं लगेच म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय टक्काही पुरता न्यायी नाही. दहा हजारांतले हजार आणि कोटीतले दहा लाख एका तराजूत बसत नाहीत. इस्लामी जकातीत हे ओळखलेलं दिसतं. तिथं अडीच टक्के निघतात ते वर्षभर टिकलेल्या शिलकीवर, आणि तीही ठरावीक मर्यादेपर्यंत पोचली असेल तरच.

आपला आयकर कायदा याच्या उलट वागतो. जुन्या करपद्धतीत देणगीच्या निम्म्या रकमेची सूट घेणारा, तीस टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस दहा हजारांची देणगी देतो, तेव्हा त्याचा दीड हजाराचा कर वाचतो. म्हणजे त्याच्या दानाचा काही भार सरकार उचलतं. शाळेच्या पत्र्यांसाठी पाचशे रुपये देणाऱ्या शेतमजूर बाईला मुळात करच नाही, त्यामुळे सूटही नाही. तिचे पाचशे पूर्ण तिचेच. शेजारणीच्या बाळंतपणाला तिनं दिलेले तांदूळ आणि वारीच्या वाटेवर वाढलेल्या भाकऱ्या यांची तर पावतीच फाटत नाही. करविवरणांवरून दानाचा हिशेब मांडणाऱ्याला ही बाई काहीच न देणाऱ्यांत दिसते.