स्टिकरवाल्यांनो, खाली बसा

बसा खाली. सावलीत नाही, इथेच, पिचवर. पँट मळली तर घरी सांगा, सरांनी मळवली. कॅप्टन, तू बसू नकोस. तू उभा राहा. दोन्ही बॅटी धर, एक डाव्या हातात, एक उजव्या. हात दुखले तरी खाली टेकवायच्या नाहीत.

"ही बॅट आहे का कपडे बडवायची मोगरी?" हे कोण बोललं? बोट वर करायची गरज नाही. सत्तावीस वर्षं या मैदानावर शिट्टी वाजवतोय, पाठमोरा असलो तरी आवाज ओळखतो. आणि त्यावर दात कितीजणांनी काढले तेही मोजलं. नऊ. अकरातले नऊ. दहावा मेहुणा राजा गावाहून येणारा तो पोरगा, बॅट त्याचीच, तो कशाला हसेल? आणि अकरावा बुटाची लेस बांधत होता, त्याला विनोद ऐकूच आला नाही म्हणून वाचला.

काय बिघडलं होतं त्याच्या बॅटीचं? दांडा हलत होता? पातं चिरलं होतं? तुमच्यातल्या एकानेही ती हातात घेऊन बघितली नाही. बॅटीवर नाव नाही, एवढाच तिचा गुन्हा. आठ दिवस ऐकतोय मी हे. बॅटीला मोगरी ठरवलं, पोराला सगळ्यात खालच्या नंबरावर ढकललं, नेटमध्ये त्याला पाच चेंडू आणि कॅप्टनच्या दोस्ताला पंचवीस. आज तो पाचही चेंडू चुकला तेव्हा तुम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. त्या टाळीकडे मी येणार आहे. आधी बॅटीकडे बघू.

तुम्ही येताजाता म्हणता, अमक्या कंपनीच्या बॅटीची 'पिंग' भारी. यूट्यूबवरून शब्द उचलला आणि गावभर वाटत सुटलात. हाच शब्द एका कंपनीचं नाव कसा झाला, ठाऊक आहे? गोल्फमध्ये. ज्या काठीने चेंडू हळूच ढकलून भोकात घालतात तिला पटर म्हणतात. कार्स्टन सोल्हाइम नावाचा नॉर्वेत जन्मलेला इंजिनिअर अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला होता. बाजारातले पटर त्याला जमेनात, म्हणून 1959 मध्ये त्याने घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच एक बनवला. चेंडूला लागला की 'पिंग' वाजायचा, म्हणून त्याचं नाव पिंग. दिसायला असा बेढब की भले भले खेळाडू हसले. पुढे त्याच कंपनीच्या पटरांनी मोठमोठ्या स्पर्धा जिंकून दिल्या, आणि आज तेच नाव वाचून गोल्फवाले खिसे मोकळे करतात. तिथे आधी आवाज झाला, मग नाव पडलं. तुमचं सगळं उलटं. तुम्ही आधी नाव वाचता आणि मग तुम्हाला आवाज ऐकू येतो.

खोटं वाटतं? परवाचा शनिवार आठवा. सकाळची शाळा सुटल्यावर मी तुम्हाला दोन बॅटी दिल्या होत्या. खांद्यापासून टोकापर्यंत जुन्या पेपरात गुंडाळलेल्या, वरून चिकटपट्टी, दोन्हींच्या दांड्याला सारखीच काळी ग्रिप. तुम्हाला वाटलं, सरांचं डोकं फिरलं, बॅटींना स्वेटर घालतायत. मेहुण्याच्या पोराला मी मुद्दाम चेंडू टाकायला लावलं, कारण तो आपली बॅट डोळे मिटूनही ओळखेल. बाकी दहाजणांना दोन्ही बॅटींनी सहा-सहा चेंडू खेळवले आणि एकेकाला जवळ बोलावून विचारलं, कोणती बरी? ही माझी वही. सहाजण म्हणाले एक नंबरची, तीनजण म्हणाले दोन नंबरची. एकटा म्हणाला, "सर, मला काही फरक कळत नाही." त्या दिवशी मिळालेलं तेवढंच एक सरळ उत्तर.

एक नंबर म्हणजे कॅप्टनच्या डाव्या हातात आहे ती. मोगरी. कॅप्टन, तुझं मत वाचून दाखवू? "एक नंबर सर, मख्खन." तुझी साडेसहा हजारांची बॅट दोन नंबरच्या पेपरात होती.

आता लगेच मोगरीला डोक्यावर घेऊन नाचू नका. सहा विरुद्ध तीन म्हणजे काही सिद्धता होत नाही, गणिताचे सर मला स्टाफरूममध्ये बसू देणार नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की बॅटी झाकल्या तेव्हा तुमच्या हाताने एक सांगितलं आणि स्टिकर दिसताच तोंडाने दुसरंच. स्वतःच्या हातावर विश्वास नाही अशी पोरं माझ्या टीममध्ये कशाला हवीत?

बॅट म्हणजे काय रे? विलोचं लाकूड आणि वेताचा दांडा. इंग्लिश विलोचं झाड तोडायला यायला पंधरा-वीस वर्षं लागतात. इंग्लंडच्या एसेक्समध्ये एक घराणं 1894 पासून हाच धंदा करतंय, त्यांच्या फळ्या जगभरच्या कारखान्यांत जातात. म्हणजे एकाच वखारीतलं लाकूड निरनिराळी नावं लावून तुमच्यासमोर येतं आणि तुम्ही त्यावरून भांडता. आपल्याकडे काश्मीरची विलो. अनंतनाग जिल्ह्यात संगमजवळ हायवेच्या कडेने फळ्यांच्या उतरंडी रचलेल्या असतात. मेरठ आणि जालंधरचे कितीतरी बॅट बनवणारे मूळचे सियालकोटच्या परंपरेतले, फाळणीनंतर इकडे येऊन बसलेले. त्यांच्या रंध्याला कुठे ठाऊक असतं, वर कोणतं स्टिकर चिकटणार आहे? नियमही सगळ्यांना एकच. रुंदी 108 मिलिमीटरच्या आत. 2017 पासून कड 40 आणि जाडी 67 मिलिमीटरच्या आत. मोठ्या नावाला एक मिलिमीटर जादा मिळत नाही.

कॅप्टन, डावा हात पुढे कर. पात्यावरच्या रेषा मोज. मोठ्याने. सात, बरोबर. खांद्यापासून टोकापर्यंत सरळ गेल्यात, एकही मध्येच वळलेली नाही. आता टोकाचा वास घे. कसला येतो? जवसाचा. ते पोरगं पात्याला जवसाचं कच्चं तेल चोळतं, टोकाला दोन थेंब जास्त पाजतं, आणि मग जुन्या चेंडूने तासन्‌तास ठोकत बसतं. कडांवर अंगठा फिरव. गोल झाल्यात ना? ते ठोकण्याने. तुझी बॅट आणल्या दिवसापासून प्लास्टिकच्या वेष्टनात, कारण वेष्टन काढलं तर स्टिकर खरवडेल. आपल्या बालाजीच्या मंडपोत्सवात मंडपाच्या लाकडी लाठा खांद्यावर घेणारी माणसं लाठेवर कंपनीचं नाव शोधतात का रे?

आणि सचिन, सचिन करणाऱ्यांनो, 1996 च्या वर्ल्ड कपचे फोटो काढून बघा. सचिनच्या पात्यावर काही नाही. कोरं. त्या कोऱ्या बॅटीने त्याने 523 धावा केल्या, दोन शतकांसह, त्या स्पर्धेत सगळ्यांत जास्त. तुमच्यातला एखादा तिथे बसला असता तर म्हणाला असता, मोगरी. त्यानंतर त्या बॅटीवर एमआरएफ आलं. एमआरएफ काय बनवायची? टायर. 1946 मध्ये मद्रासला मुलांचे फुगे बनवण्यापासून सुरू झालेली कंपनी. आणि गल्लीगल्लीतली पोरं ती तीन अक्षरं बॅटीवर रंगवायला लागली, जणू टायरच्या नावाने कव्हर ड्राइव्ह बसतो. मीही रंगवली होती, ऑइलपेंटने. तेव्हा कॉलेजात होतो, म्हणजे लाज वाटावी एवढा मोठा होतो. हसू नका.

तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी शेडनेट आहे. मिरची, टोमॅटो, काकडीचं बीजोत्पादन. तुमच्या आया वाकून वाकून क्रॉसिंग करतात. मिरची-टोमॅटोची कळी उमलायच्या आत चिमट्याने तिच्यातला नर काढायचा, मग दुसरीकडचा पराग आणून लावायचा, खूण बांधायची, अशी शेकडो फुलं. ते बी कंपनीकडे गेलं की कंपनी काय म्हणते? "अरे वा, अमक्या पाटलांच्या घरचं आहे, डोळे झाकून घ्या"? नाही म्हणत. आधी उगवण बघते. मग पेरून, झाडं वाढवून शुद्धता बघते. नापास झालं तर हंगामभराचे कष्ट मातीत. त्या रिझल्टची घरात कशी वाट बघतात ते तुम्ही पाहिलंय, तुमच्या दहावीच्या रिझल्टचीही तेवढी बघणार नाहीत. म्हणजे जिचं नाव पाकिटावर छापलं जातं ती कंपनी स्वतः नावावर विश्वास ठेवत नाही, पेरून बघते. आणि तुम्ही?

पाकिटासाठी रांगा लागतात, मला माहीत आहे. 2024 च्या मे महिन्यात अकोल्यात कपाशीच्या एकाच वाणासाठी माणसं उन्हात ताटकळली. मी त्या कास्तकाराला नाव ठेवणार नाही. त्याच्या हातात एकच पाऊस असतो. बी फसलं तर वर्ष गेलं, म्हणून तो ऐकलेल्या नावाला धरून बसतो. तुमचं कोणतं वर्ष जाणार होतं? दोन चेंडू टाकून बघायचे होते. दोन मिनिटांचं काम.

हां, चष्मेवाला काय पुटपुटतोय? मोठ्याने बोल. "सर, भारी बॅट असली की कॉन्फिडन्स येतो." शाब्बास. तासाभरात पहिल्यांदा कोणी तरी डोकं वापरलं. ऐका आता.

2011 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या लोकांनी 41 जणांना गोल्फचे चेंडू ढकलायला उभं केलं. सगळ्यांना पटर एकच. फक्त काहींना सांगितलं, की हा बेन कर्टिसचा आहे. कर्टिस म्हणजे 2003 ची ब्रिटिश ओपन जिंकलेला. ज्यांना हे सांगितलं त्यांचे दहापैकी सरासरी दीडेक चेंडू जास्त भोकात गेले. पुढची गंमत ऐका. भोक केवढं आहे ते चित्र काढून दाखवा म्हटल्यावर त्यांनी ते इतरांपेक्षा मोठं काढलं. काठी तीच, भोक तेच. 2016 मध्ये दुसऱ्या काही संशोधकांनी हाच खेळ नायकेचं नाव सांगून केला. नाव ऐकलेल्यांना कमी फटके लागले, नवशिक्यांना जास्त फायदा झाला, आणि श्रेय कोणाचं म्हणून विचारलं तर पठ्ठे म्हणाले, आमचंच!

म्हणजे तू म्हणतोस ते खरं आहे. नावाने छाती फुगते, हात मोकळा सुटतो. मग पुढचं गणितही तूच मांड. चांगलं ऐकल्याने भोक मोठं दिसत असेल, तर आठ दिवस मोगरी, मोगरी ऐकल्यावर काय दिसत असेल? आज त्या पोराला चेंडू केवढा दिसला असेल, हरभऱ्याएवढा? तुम्ही त्याच्या कानात रोज थोडं थोडं ओतलंत, तो चुकला, आणि तुम्ही टाळी दिलीत. शनिवारी त्याच बॅटीने कॅप्टनने मला समोरच्या भिंतीवर चेंडू आपटून दाखवला होता. मग आज चूक बॅटीची होती का तुमची?

मेहुणा राजा कोणाचं गाव? चोखोबांचं, सगळ्यांना येतं. वरच्या रंगाला भुलू नका सांगणारा उसावरचा त्यांचा अभंग परिपाठाला तालासुरात म्हणता, अर्थ लिहायला दिला तर पाचपैकी पाच घेता. आणि त्याच गावचा पोरगा शाळेत आला तर त्याला कपडे बडवायची मोगरी म्हणता. मार्क परत घ्यायची सोय असती तर आज मी मराठीच्या बाईंकडे गेलो असतो.

कॅप्टन, आता उजव्या हातातली. स्टिकरवरचं स्पेलिंग वाच. एकेक अक्षर. परत वाच. एक अक्षर जास्त आहे ना? मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. वाटलं, रोज छातीशी धरून फिरतोस, कधी तरी वाचशील. जालन्याच्या त्या दुकानदाराच्या नावाने बोटं मोडू नकोस. तू दुकानात गेलास तेव्हा बॅट मागितलीच नव्हतीस, नाव मागितलं होतंस. त्याने नाव दिलं, वर एक अक्षर फुकट दिलं. साडेसहा हजार कोणाचे होते, तेही मला समजलंय. तुझी आई मागच्या आठवड्यात फी भरायला आली होती, तिच्या बोटांची टोकं मी पाहिली.

रडायचं काम नाही. बॅट वाईट नाही तुझी, हेच तर आहे. साधी काश्मीर विलो, दीड-दोन हजारांची असेल, तेल पाजलं आणि महिनाभर ठोकली तर दोन हंगाम सहज काढेल. स्टिकर सोलायचं असलं तर घरी सोल, इथे कचरा नको.

किती वाजले? पाच दहा. मेहुण्याची एसटी साडेपाचला सुटते. तो पोरगा पायी स्टँडवर गेलाय, बॅट इथेच टाकून. जी बॅट तो रात्री उशाशी घेऊन झोपत असेल, ती टाकून गेलाय. कॅप्टन, डाव्या हातातली घे आणि पळ. काय बोलायचं ते मी शिकवणार नाही, गाडी हलायच्या आत सुचेल ते बोल. आणि त्याला विचारून ये, जवसाचं तेल किती दिवसांनी लावतो.

बाकीच्यांनी उठायचं नाही. तो येईपर्यंत बसा.