निर्दोष आनंद कोणता?

“सहलीस जाणें हें पाप आहे काय?” असा प्रश्न एका वडील बंधूंनीं आम्हांस नुकताच विचारला. त्यांचा पुत्र चाकणच्या एका कारखान्यांत कामास आहे. सुटी मिळाली कीं तो गांवीं येण्याऐवजीं मित्रांसह समुद्रकांठीं जातो, याचें त्यांस दुःख आहे. पूर्वीं आम्ही या प्रश्नाचें उत्तर सहज दिलें असतें. आतां तें तितक्या सहज देववत नाहीं. कारण काय, तें सांगतों.

विश्रांतीविषयीं प्रथम बोलूं. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला. पुढें भोसरी, आकुर्डी, चिंचवड व अखेर चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. जेथें बाजरी व कांदा पिकत असे, तेथें आज मोटारी जुळविल्या जातात. यंत्र रात्रीं निजत नाहीं, म्हणून माणसास पाळीपाळीनें जागावें लागतें. एका मित्राची सुटी गुरुवारीं, तर दुसऱ्याची रविवारीं. अशा माणसांनीं वर्षांतून दोन दिवस एकत्र मोकळ्या हवेंत काढले, तर त्यांस आळशी म्हणणें अन्यायाचें होईल. मोशेच्या नियमशास्त्रांत विसाव्याची आज्ञा आहे. मात्र ती धन्यापुरती नसून त्याचा चाकर, बैल, गाढव व दारींचा परका यांसहि लागू आहे. हें आम्ही पुष्कळदां वाचलें होतें व शिकविलेंहि होतें. परंतु त्याचा अर्थ आम्हांस कळला तो समुद्राच्या वाळूवर.

एका फेब्रुवारींत चिंचवडचे चार तरुण मित्र आम्हांस आग्रहानें बरोबर घेऊन गेले. शुक्रवारीं रात्रीं निघालों, ताम्हिणीचा घाट उतरलों, आणि माणगांवावरून पुढें जाऊन पहांटे मंडणगड तालुक्यांतील एका शांत किनाऱ्यावर पोहोंचलों. बरोबर दोन कुत्रे होते. एक अल्सेशियन, आणि दुसरा कारखान्याच्या फाटकाशीं कामगारांच्या डब्यांतील भाकरीवर वाढलेला गांवठी मोती. मोतीनें समुद्र कधीं पाहिला नव्हता. लाट आली कीं तो भुंकत मागें पळे, आणि ती परतली कीं जिंकल्यासारखा तिच्या पाठीस लागे. रात्रपाळी करून डोळे तांबारलेले ते तरुण पोट धरून हंसत होते. तो आनंद खोटा नव्हता, असें आम्ही आजहि म्हणतों.

वाळूंत एक रुंद माग दिसला. तो पाण्यापासून वर चढला होता व वळून पुन्हा पाण्याकडे गेला होता. “कोणी होडी ओढली असेल,” एकजण म्हणाला. अधिक कोणीं विचारलें नाहीं. किनारा तर रिकामा होता! आम्ही चहाच्या खटपटींत असतां सुरूच्या बनांतून एक प्रौढ गृहस्थ हातवारे करीत, ओरडत धांवत आले. तेव्हां आम्हीं पाहिलें कीं मोती वाळू उकरीत आहे. रात्रीं समुद्रांतील कासवी येऊन तेथें अंडीं घालून गेली होती. १९ अंडीं फुटलीं होतीं.

मोतीच्या धन्यानें काठी उगारली. त्या गृहस्थांनीं त्याचा हात धरला व म्हटलें, “दादा, त्याला मारू नका. त्याला काय कळतंय? माग तुम्हांला दिसला नव्हता का?”

मग त्यांनीं उरलेलीं अंडीं न फिरवितां एक एक उचलून वाळूसह बादलींत ठेवलीं, आणि कुंपण घातलेल्या जागेंत तितकाच खोल खड्डा करून पुरलीं. त्यांच्याकडूनच आम्हांस कळलें कीं या कासवांस ऑलिव्ह रिडले म्हणतात. मादी एका वेळीं शंभराच्या आसपास अंडीं घालते, तीं वाळूनें झांकते आणि परत येत नाहीं. सुमारें पन्नास दिवसांनीं वाळूच्या उबेनें पिलें निघतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या कासवांस रक्षण आहे. त्याच तालुक्यांतील वेळास गांवीं २००२ पासून सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें व गांवकऱ्यांनीं अंडीं राखण्याचें काम चालविलें. पूर्वीं तीं खाण्यासाठीं नेलीं जात. पुढें कासवांचीं पिलें पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांस तेथील घरांतून उतरण्याची सोय झाली व गांवास चार पैसे मिळूं लागले. कोल्हे व कुत्रे घरटीं उकरतात. आणि सहलीची मंडळी जें उष्टें टाकून जातात, त्यानें मोकाट कुत्रीं किनाऱ्यावर अधिकच जमतात.

आतां दोष कोणाचा? मोतीचा नव्हे, त्यानें आपला स्वभाव पाळला. “आम्हांस ठाऊक नव्हतें” असें आम्ही म्हणूं शकतों, व तें खरेंहि आहे. परंतु जें अज्ञान एका प्रश्नानें दूर झालें असतें, तें निर्दोष म्हणतां येत नाहीं. माग डोळ्यांपुढें होता. जेथें आपल्या ओळखीचें कोणी नाहीं, ती जागा रिकामी असें आम्ही धरून चाललों, हाच आमचा अपराध.

वाचकहो, तुम्हांस हें नवें नाहीं. पवना धरणाच्या कांठीं शहरांतून मंडळी येतात, “काय शांत जागा!” म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशीं मावळांतील शेतकऱ्याच्या पायांत बाटलीची कांच भरते. ती शांत जागा त्याचें भाताचें खाचर असतें. तेथें आपण यजमान आहों. कोंकणांत आपण पाहुणे होतों, व पाहुण्याचा धर्म विसरलों.

कासवी आपल्या पिलांस केवळ दृष्टीनें पोसते, असें आपल्या संतमंडळींनीं मानलें. खरी कासवी तर मागें वळूनहि पाहत नाहीं. तिची ती दृष्टि आतां त्या किनाऱ्यावरील गृहस्थांकडे आली आहे. वाळूवर पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाकडेहि ती यावी.

म्हणून वडील बंधूंस आमचें उत्तर हें: पुत्रास जाऊं द्या. त्यास इतकेंच सांगा कीं पोहोंचल्यावर प्रथम गांवांत जाऊन विचार, “येथें कोण राहतें?” त्याच्या मित्रांबरोबर कुत्रा असेल तर दोरीहि असावी. मोती आतां दोरीस बांधलेला समुद्र पाहतो. लाटेवर भुंकण्यांतला त्याचा आनंद तिळभरहि कमी झालेला नाहीं.