रात्रभर उशाशी बसणारा पिता



प्रभू येशूला मुलांचे खेळ ठाऊक होते. बाजारात बसून सवंगड्यांना हाका मारणारी, आपल्या खेळात कुणी सामील होत नाही म्हणून रुसणारी मुले त्याने पाहिली होती आणि लोकांना समजावताना त्याने त्यांचाच दाखला दिला (मत्तय ११:१६-१७). जखऱ्या संदेष्ट्याने तारलेल्या यरुशलेमचे चित्र रंगवले, तेव्हा त्यातही रस्त्यांवर खेळणारी मुले-मुली आहेत. म्हणजे खेळ हा देवाच्या राज्याबाहेरचा विषय नाही. आपल्या घरांत मात्र खेळ म्हटले की मोबाईलवरून होणारी रोजची वादावादी आठवते. आज आपण खेळ तयार करणाऱ्या एका बापाकडे पाहू या.

खेळातून मुलांना शिकवण देणे महाराष्ट्राला नवे नाही. सापशिडीचे जुने रूप म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचे श्रेय संत ज्ञानेश्वरांना देते. सद्गुणाची शिडी वर नेते, दुर्गुणाचा साप खाली आणतो. मुलांना हे शिकवायलाच हवे. पण जीवनात कधी कधी असा साप आडवा येतो की, ज्याला तो डसतो त्याने काहीच वाईट केलेले नसते.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात रायन आणि एमी ग्रीन हे ख्रिस्ती दांपत्य राहत होते. रायन संगणकाचे प्रोग्राम लिहिणारा. त्यांचा मुलगा जोएल साधारण एक वर्षाचा असताना त्याला मेंदूचा दुर्मीळ कर्करोग असल्याचे निदान झाले. हाती फार थोडा काळ आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. तरीही जोएल आणखी काही वर्षे जगला. मार्च २०१४ मध्ये, पाच वर्षांचा असताना, तो देवाघरी गेला. जोएल हयात असतानाच रायनने सहकाऱ्यांसह एक संगणकीय खेळ तयार करायला घेतला होता. 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' या नावाचा तो खेळ १२ जानेवारी २०१६ रोजी, जोएलच्या जन्मदिनी, प्रसिद्ध झाला.

या खेळाचे बीज रुग्णालयातील एका रात्रीत आहे. जोएलच्या अंगातले पाणी कमी झालेले, पोटात काही टिकत नाही, तो सारखा रडतो आहे. बाप त्याला उचलून घेतो, पाजून पाहतो, फेऱ्या मारतो. काहीच उपयोग होत नाही. खेळातही तसेच आहे. खेळणारा हे करून पाहतो, ते करून पाहतो, पण रडणे थांबत नाही. शेवटी बाप हताश होऊन प्रार्थना करतो आणि मूल शांत होते.

मात्र त्या प्रार्थनेने आजार गेला नाही. आई-वडिलांची श्रद्धाही एका चालीने चालत नव्हती. देव चमत्कार करील असा एमीचा दृढ विश्वास होता, तर रायन शंकांच्या पाण्यात गटांगळ्या खात होता. हे दोघांनी लपवले नाही, खेळात तसेच दाखवले. शेवटच्या दृश्यात जोएल आनंदात आहे. समोर पॅनकेकचा ढीग आणि सोबतीला कुत्रा. ही त्यांची आशा, आणि तीच आपलीही.

बंधू-भगिनींनो, जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले होते की पाप कुणाचे, याचे की याच्या आई-बापांचे? प्रभूने उत्तर दिले, कुणाचेच नाही (योहान ९). तरीही तोच प्रश्न आपण आजही विचारतो, कधी मोठ्याने, कधी मनात. वाशिमहून आजारी लेकरू घेऊन अकोल्याच्या, नागपूरच्या फेऱ्या मारणाऱ्या आईच्या कानी तो पडतो. शेतातले सोयाबीन तसेच सोडून दवाखान्याच्या व्हरांड्यात निजणाऱ्या बापालाही तो टोचतो. अशा घरी भेटीला जाताना आम्हां धर्मगुरूंनाही शब्द सुचत नाहीत. पण शब्द सुचावेत अशी अट प्रभूने घातलेली नाही. गेथशेमानीत त्याने शिष्यांकडे उपदेश मागितला नाही, फक्त आपल्याबरोबर जागे राहा म्हणाला. तेवढेही त्यांना जमले नाही. प्याला टळावा अशी प्रार्थना पुत्राने स्वतः केली होती, आणि प्याला टळला नाही. म्हणून क्रुसापाशी उभे राहून आपण म्हणू शकतो की, पुत्राचे मरण म्हणजे काय हे आपल्या स्वर्गीय पित्याला ठाऊक आहे. रडणाऱ्या लेकराच्या उशाशी रात्रभर तोही बसलेला असतो.

मग आपण काय करावे? ज्या घरात मूल आजारी आहे, तिथे कारणे शोधत जाऊ नये. डबा घेऊन जावे. एखादी रात्र दवाखान्यात आपण बसावे, म्हणजे त्या आई-बापांना चार तास झोप मिळेल. घरातल्या इतर भावंडांनाही विसरू नये. ग्रीन दांपत्याने जोएलच्या भावांना त्याचा आजार समजावा म्हणून ड्रॅगनशी लढणाऱ्या छोट्या वीराची गोष्ट सांगितली होती. मुलांपासून दुःख लपवण्यापेक्षा त्यांना झेपेल अशा शब्दांत ते सांगणे बरे.

आणि ज्यांची मुले धडधाकट आहेत, त्यांनी हे देणे ओळखावे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी संत म्हणून घोषित केलेला कार्लो अकुतिस संगणकात तरबेज होता. त्याला व्हिडिओ गेम आवडत, पण त्याने स्वतःलाच आठवड्याला एका तासाची मर्यादा घातली होती. मुलांना मर्यादा जरूर घाला. पण नुसता मोबाईल काढून घेऊ नका, त्या जागी स्वतः बसा. या आठवड्यात एक संध्याकाळ मुलाशेजारी बसून त्याचा खेळ काय आहे, हे त्याच्याकडूनच शिकून घ्या. जोएलच्या वडिलांना ती संध्याकाळ पुन्हा मिळणार नाही. आपल्याला ती आजही मिळते आहे.

प्रार्थना करू या: हे स्वर्गीय पित्या, आमच्या धर्मग्रामातील आजारी मुलांना तुझ्या कुशीत घे. त्यांच्या आई-वडिलांजवळ जागे राहण्याचे बळ आम्हांला दे, आणि आमच्या घरांतील खेळणाऱ्या मुलांसाठी आमचे हात मोकळे ठेव. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.